वल्ह्याचे माप



व्याख्यानमालेत इतिहासाचे पुष्प गुंफायचे म्हणजे एखादे राज्य, एखादी लढाई किंवा एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र घ्यावे अशी वहिवाट आहे. ती मोडावी असा आमचा हट्ट नाही. पण ज्या माणसांत आम्ही आयुष्य काढले, त्यांचा इतिहास बखरींत फारसा सापडत नाही. तो त्यांच्या हत्यारांत सापडतो. म्हणून आज आम्ही एका वल्ह्याचा इतिहास सांगणार आहोत.

हे वल्हे ग्रीनलंडचे, आणि ते ज्या नावेचे तिला कयाक म्हणतात. अलीकडे तारकर्लीला किंवा गोव्याच्या खाड्यांत प्लास्टिकच्या रंगीबेरंगी कयाक भाड्याने मिळू लागल्या आहेत, तेव्हा तरुण मंडळींच्या कानावरून हा शब्द गेला असेल. पण कयाक मुळात सहलीची नाव नव्हे. सुताराचा जसा वाकस, तशी ती सीलची शिकार करून पोट भरणाऱ्या माणसाची. सील हा थंड समुद्रातला प्राणी. त्याचे मांस खायचे, चरबी दिव्यात जाळायची, कातडे पांघरायचे. तो मारायला बर्फाळ पाण्यात एकट्याने जायचे, आणि ज्या नावेतून जायचे ती एका लाटेने उलटावी इतकी अरुंद. मग अशा कामात माणसाचा जीव राखायचा कोणी, कशाने, आणि त्याचा खर्च कोणाच्या नावावर मांडायचा? कामगारांच्या चळवळीत हाच प्रश्न आमच्यापुढे रोज निराळ्या कपड्यांत उभा राहतो. त्या दृष्टीनेच आम्ही या वल्ह्याकडे वळलो.

ग्रीनलंड हे जगातील सर्वांत मोठे बेट. त्याचा बहुतेक भाग बर्फाच्या जाड थराखाली गाडलेला. माणसे राहतात ती किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीवर. तेथील लोक स्वतःला कलाल्लित म्हणतात. इन्युइट लोकांचीच ती एक शाखा. जुन्या पुस्तकांत त्यांना एस्किमो म्हटलेले आढळते, पण ते नाव त्यांना रुचत नाही, आणि ज्याचे नाव त्याने सांगावे हे बरे. या भूमीत नाव बांधण्याजोगे लाकूड देणारे झाड नाही. मग लाकूड यायचे कोठून? तर सायबेरियातून. तिकडच्या नद्या पुरात झाडे वाहून नेतात, ती समुद्रात जाऊन बर्फात अडकतात, आणि बर्फाबरोबर सरकत सरकत सारा ध्रुवसमुद्र ओलांडून काही वर्षांनी ग्रीनलंडच्या किनाऱ्याला लागतात. ही कल्पित कथा नव्हे. जेनेट नावाचे अमेरिकन जहाज १८८१ साली सायबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडाले, आणि १८८४ साली त्याचे अवशेष ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर यूलियानेहाबजवळ सापडले. त्या पुराव्यावर भरवसा ठेवून नॉर्वेच्या फ्रित्योफ नान्सेनने १८९३ साली आपले फ्राम जहाज मुद्दाम बर्फात अडकवून वाहू दिले. विद्वानांना १८८४ साली जे कळले, त्यावर तेथील शिकारी कित्येक पिढ्या आपले वल्हे तासत आले होते.

लाकूड असे मोजके, म्हणून कयाकचा सांगाडाच तेवढा लाकडी. पातळ फळ्या आणि वाकवलेल्या फासळ्या चामड्याच्या वादीने बांधायच्या. खिळ्यांवर भिस्त नाही. त्यामुळे लाटेवर नाव किंचित लवते आणि मोडत नाही. त्यावर सीलचे कातडे चढवून शिवून टाकायचे. वरूनही सगळे बंद. मध्ये एक गोल भोक, त्यात पाय लांब करून माणूस बसतो. नाव एवढी हलकी की काम झाले की शिकारी ती उचलून घरी नेई.

आता मापे पाहा. नावेची लांबी शिकाऱ्याच्या सुमारे तीन वाव. रुंदी त्याच्या कमरेइतकी, आणि दोन्ही अंगांना एकेक मूठ. वल्ह्याची लांबी एक वाव आणि एक हात. वाव म्हणजे दोन्ही बाहू पसरले असता एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचे अंतर; पाण्याची खोली वावांत मोजण्याची रीत आपल्या कोळीवाड्यांतही आहे. हात म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. ही मापे गावोगाव थोडी बदलत, कारण किनारा बदलला की पाणी बदलते आणि पाणी बदलले की नाव बदलते. पण मोजपट्टी सगळीकडे एकच, ती म्हणजे नावेत बसणाऱ्याचे शरीर. बापाची कयाक मुलाला जशीच्या तशी चालत नसे, कारण मुलाची कंबर निराळी.

येथे आमच्या धंद्याची एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. आम्ही अनेक कारखान्यांत अशी यंत्रे पाहिली आहेत की ज्यांची मूठ आपल्याकडच्या बाईच्या खांद्याच्या वर येते. यंत्र परदेशच्या उंच माणसाच्या मापाने बांधलेले. ते खाली होत नाही, म्हणून बाई पायाखाली फळी घेते. फळी घसरली आणि हात गेला की चौकशीच्या कागदावर लिहितात, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. ज्या समाजाला आपण मागासलेला म्हणत आलो, त्याला हत्यार माणसाच्या मापाचे असावे हे शिकवावे लागले नव्हते.

कयाकचा सांगाडा पुरुष बांधीत; पण नाव पाण्यावर तरे ती बायकांच्या हाताने. सीलची कातडी खरवडणे, केस काढणे, ओली ताणून शिवणे हे सारे बायकांचे काम. कातडे वाळण्यापूर्वी शिवण पुरी व्हावी लागे, म्हणून चौघीपाचजणी मिळून एकदम बसत. धागा जनावराच्या स्नायूचा; तो पाण्यात फुगतो आणि टाक्याचे छिद्र स्वतःच बुजवतो. टाका असा की सुई कातड्याच्या अर्ध्या जाडीतूनच जाते, आरपार जात नाही. आरपार गेली तर तेथूनच पाणी शिरणार. वरून चरबी चोळायची, आणि झिजलेले कातडे काढून वेळोवेळी नवे चढवायचे. शिकाऱ्याच्या पराक्रमाच्या गोष्टी प्रवाशांनी पुष्कळ लिहिल्या. सुईच्या त्या अर्ध्या टाक्यावर त्याचा जीव टांगलेला असे, हे लिहिणारे थोडे.

आता वल्हे. आपल्याकडील होडीचे वल्हे एका टोकाला पात्याचे असते. कयाकचे वल्हे दोन्ही टोकांना. माणूस मध्ये धरतो आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मारतो. नवख्याला आश्चर्य वाटते ते पात्याच्या रुंदीचे. ते इतके अरुंद असते की मुठीत धरता यावे. एवढ्याशा पात्याने पाणी कापणार ते किती, असे कोणालाही वाटेल. आजकालच्या बाजारी वल्ह्यांची पाती चांगली पसरट असतात, आणि त्यांनी पहिल्या चार हातांत नाव झपकन पुढे जाते हेही खरे. परंतु शिकाऱ्याला चार हात मारायचे नसतात; त्याला सकाळपासून सांजेपर्यंत मारायचे असतात. पसरट पाते प्रत्येक खेपेला खांद्याला हिसका देते. अरुंद आणि लांब पाते पाणी हळूहळू धरते. खांदा दुखत नाही, आवाज होत नाही, सील बिचकत नाही. वारा सुटला की पसरट पाते शिडासारखे वारा धरते आणि हातातून ओढले जाते. अरुंद पाते वाऱ्याला सापडत नाही.

सर्वांत मोठी गोष्ट निराळीच आहे. पाते मुठीत मावते, म्हणून हात वल्ह्यावर कोठेही सरकवता येतो. अडचण आली की शिकारी वल्हे एका टोकाकडे धरतो आणि दुसरे टोक पाण्यावर दूरवर पसरतो. पहारीची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे; जेवढी लांब, तेवढा धोंडा सहज हलतो. तेच येथे. चालवताना जे वल्हे, तेच तोल जाऊ लागला की पाण्यावर टेकायची काठी होते. आपल्या कोकणात होडी उलटू नये म्हणून बाजूला उलांडी बांधतात; ग्रीनलंडच्या शिकाऱ्याने उलांडी बांधली नाही, ती त्याच्या हातात होती. पात्याच्या कडांना आणि टोकांना हाडाची किंवा वॉलरसच्या सुळ्याची पट्टी ठोकीत, म्हणजे बर्फावर घासून लाकूड फाटू नये. सायबेरियाहून आलेले लाकूड होते ते. उद्या दुसरे मिळेल याची हमी कोण देणार?

नावेबरोबर पोशाखही जोडलेला होता. तुइलिक नावाचा सीलच्या कातड्याचा अंगरखा डोक्यावरून घालायचा. तो चेहऱ्याभोवती आवळतो, मनगटांवर आवळतो, आणि खालचा घेर नावेच्या भोकाच्या कडीवर घट्ट बांधला जातो. म्हणजे माणूस आणि नाव मिळून एकच कातडे झाले. लाट डोक्यावरून गेली तरी थेंब आत जात नाही. बऱ्या हवेत फक्त छातीपर्यंतचा अर्धा अंगरखा वापरीत. मागच्या बाजूला सीलच्या कातड्याची फुगवलेली पिशवी असे. तिचे नाव अवताक. हार्पूनची दोरी तिला बांधलेली. हार्पून म्हणजे दोरीचा भाला. तो लागला की सील खाली बुडी मारतो आणि पिशवी त्याला दमवते. याच क्षणी सर्वांत अधिक धोका. दोरीचे वेटोळे हाताला किंवा नावेवरच्या एखाद्या वस्तूला अडकले, तर सील नावेलाच उलटी करतो. म्हणून दोरीसाठी नावेवर वेगळी चौकट, प्रत्येक हत्यारासाठी वेगळी वादी, आणि सगळे नेहमी त्याच जागी. अंधारात आणि पाण्याखालीही हात न चुकता तेथेच जावा.

लाट आली म्हणजे काय करायचे? नान्सेनने १८८८ साली ग्रीनलंडचे हिमपठार ओलांडले आणि पुढचा हिवाळा गोटहाबला, म्हणजे आजच्या नूकला, काढला. तेथे तो शिकाऱ्यांकडून कयाक चालवायला शिकला आणि १८९१ साली त्याने त्या लोकांवर पुस्तक लिहिले. मोठा विद्वान आणि पुढे १९२२ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळवणारा हा पुरुष शिकाऱ्यांपुढे शिष्य म्हणून बसला, याचे आम्हांला अगत्य वाटते. त्याने सांगितलेली रीत अशी. फुटती लाट बाजूने आली तर तिच्यापासून दूर झुकायचे नाही. दूर झुकला तो उलटला. लाटेकडेच अंग टाकायचे, वल्ह्याचे पाते त्या बाजूच्या पाण्यावर सपाट ठेवायचे, आणि लाट खांद्यावर घ्यायची. लाट स्वतःच वल्ह्याला आधार देते. ज्याला घाबरून मागे सरावेसे वाटते त्याच्याच अंगावर रेलायचे, हे सांगायला सोपे आणि शिकायला फार कठीण. काही पटाईत शिकारी तर याच्याही पुढे जात. अंगावर कोसळली तर कणा मोडेल अशी लाट येताना दिसली की ते आपण होऊन नाव उलटी करीत, लाटेचा घाव नावेच्या तळावर घेत आणि ती निघून गेल्यावर पुन्हा वर येत.

उलटलेली नाव सरळ करण्याची ही विद्या कयाकच्या इतिहासाचे हृदय होय. माणूस पाण्याखाली डोके खाली करून लोंबकळत असतो. पाणी गोठण्याच्या बेतात. अंगरखा सोडून बाहेर पडला तर थोड्याच वेळात बोटे निकामी होतात, आणि पोहायला तर बहुतेकांना येतच नसे. म्हणून नाव सोडायची नाही. वल्हे नावेच्या कडेला धरून पृष्ठभागावर आणायचे, लांब वळसा देऊन पाण्यावरून फिरवायचे, कमरेच्या झटक्याने नाव पायांखाली परत वळवायची, आणि डोके सर्वांत शेवटी वर काढायचे. नवखा डोके आधी काढू पाहतो आणि पुन्हा बुडतो. डेव्हिड क्रान्ट्स नावाचा मोरावियन पंथाचा लेखक १७६१ साली ग्रीनलंडला गेला. त्याच्या १७६५ च्या इतिहासग्रंथात या विद्येचे दहा प्रकार वर्णन केलेले आहेत. ते वाचताना आम्हांला कौतुक वाटले ते त्यामागील विचाराचे. वल्हे वादीत अडकले तर काय, हातचे सुटले तर काय, ते नसेल तर भाला फेकायच्या फळीने कसे, फळीही गेली तर नुसत्या हाताने कसे, असा एकेका अपघाताचा आधीच विचार करून मुलांना किनाऱ्याजवळ त्याची सवय लावीत. याला आजच्या भाषेत अपघात-प्रतिबंधक शिक्षण म्हणतात, आणि पुष्कळ ठिकाणी ते भिंतीवर एक तक्ता टांगून पुरे होते. एवढे करूनही सगळ्यांना ही विद्या साधत नसे, हेही सांगितले पाहिजे. ज्याला साधत नसे त्याचा भरवसा सोबत्यावर. शेजारचा शिकारी आपली नाव उलटलेल्या नावेला भिडवी आणि हाताने किंवा वल्ह्याने सोबत्याला वर ओढी. वादळात दोघे आपल्या नावा एकमेकींना लावून वल्ही आडवी टाकीत, म्हणजे दोन अरुंद नावांचा एक रुंद तराफा होई.

तरीही माणसे बुडत. पुरुषांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत कयाकमध्ये बुडणे हे एक होते, आणि वस्त्यांत बायकांची संख्या पुरुषांहून अधिक असे. घरचा शिकारी गेला की दिव्याची चरबी गेली, अंगावरचे कातडे गेले, अन्न गेले. त्या समाजात शिकारीची वाटणी शेजाऱ्यापाजाऱ्यांत करण्याचे कडक नियम होते. विधवेला आधार होता तो त्याचाच.

आणखी एका दुखण्याचा उल्लेख करावासा वाटतो, कारण ते खास या धंद्याचे. समुद्र आरशासारखा शांत, ऊन समोर, आसमंतात कोणी नाही, आणि शिकारी सीलची वाट पाहत तासन्‌तास निश्चल बसलेला. अशा वेळी एकाएकी त्याला वाटू लागे की नाव रुंदीने कमी होते आहे, पाणी वर चढते आहे, कमरेखालचा भाग गारठून मेला आहे. हात हलेना. एखादी झुळूक आली किंवा सोबत्याने येऊन नावेला हात लावला की भूल उतरे. पुष्कळांना याचा एवढा धसका बसे की ते पुन्हा कयाकमध्ये बसत नसत, म्हणजे धंदाच सुटे. डेन्मार्कच्या डॉक्टरांनी याचा अभ्यास केला. आल्फ्रेड बर्टेल्सनने विसाव्या शतकाच्या आरंभी अशा शिकाऱ्यांची पाहणी केली. त्यापूर्वीच्या काहींनी कारण ठरवले होते ते तंबाखू आणि कॉफी! मजुराला घेरी आली की साहेबाला आधी त्याची विडी दिसते, ही रीत सर्व देशांत सारखीच म्हणायची. एकट्याने, न हलता, चकाकत्या पाण्यावर नजर लावून बसण्याच्या कामातच ते दुखणे आहे हे मान्य व्हायला वेळ लागला.

डेन्मार्कचे नाव आले, तर राज्यकर्त्यांविषयी थोडे. १६०५ सालच्या डॅनिश मोहिमेने ग्रीनलंडची काही माणसे त्यांच्या कयाकांसह जबरदस्तीने कोपनहेगनला नेली. त्यांतील काहींनी त्याच नावांतून समुद्रमार्गे घरी पळण्याचा प्रयत्न केला. १७२१ साली हान्स एगेड हा धर्मोपदेशक आला आणि वसाहतीचा पाया पडला. १७७६ पासून सगळा व्यापार राजाच्या व्यापारखात्याच्या हाती. युरोपातल्या दिव्यांना तेल हवे होते. ते सीलच्या आणि देवमाशाच्या चरबीतून निघे. शिकाऱ्याने चरबी आणि कातडी वखारीत आणायची आणि तेथूनच कॉफी, साखर, तंबाखू न्यायची. कातडी विकली गेली की नावेवर चढवायला उरली नाहीत. जुनाट कातड्याची नाव घेऊन तो समुद्रावर जाऊ लागला. हे आम्ही पदरचे सांगत नाही. हिन्रिक रिंक हा त्याच खात्याचा अधिकारी. त्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या अवनतीविषयी लिहिले, आणि त्याच्याच पुढाकाराने शिकाऱ्यांचे प्रतिनिधी असलेली स्थानिक मंडळे निघाली. १८६१ साली ग्रीनलंडच्या भाषेतले वर्तमानपत्रही त्यानेच सुरू करविले. अधिकारी असून त्याला दिसले, याचे श्रेय त्याला द्यावे. जीव राखणाऱ्या साधनाचाच माल झाला, की आधी ते साधन विकले जाते.

इकडे युरोपात कयाक हौस म्हणून पोचली. जॉन मॅकग्रेगर नावाच्या लंडनच्या बॅरिस्टरने १८६५ साली दुहेरी वल्ह्याची लहान लाकडी नाव घेऊन युरोपच्या नद्यांतून प्रवास केला आणि पुढच्याच वर्षी त्यावर पुस्तक काढले. त्यावरून सुखवस्तु लोकांत ही टूम निघाली. पुढे घडीच्या, कापडी कयाका निघाल्या. नाव उलटून सरळ करण्याची विद्या मात्र तेथे कोणालाच नव्हती. १९२७ साली हान्स पाव्‌लाटा या ऑस्ट्रियन गृहस्थाने ती प्रवाशांची वर्णने वाचून साधली, आणि त्या प्रकाराला आजही त्याचेच नाव चालते. ज्यांच्याकडून ती आली त्या शिकाऱ्यांची नावे कोणी लावली नाहीत. कारागिराच्या नशिबी बहुधा हेच असते. इंग्रज तरुण गिनो वॉटकिन्स १९३० साली पूर्व ग्रीनलंडला गेला आणि तेथील शिकाऱ्यांकडूनच उत्तम कयाक शिकला. २० ऑगस्ट १९३२ रोजी तो एकटाच शिकारीला गेला. त्याची कयाक पाण्यावर तरंगताना सापडली, कपडे आणि कमरपट्टा बर्फाच्या तुकड्यावर सापडले, तो सापडला नाही. वय २५ वर्षांचे. विद्या त्याने शिकली होती. त्या दिवशी शेजारी दुसरी कयाक नव्हती. १९५९ साली केन टेलर नावाचा ग्लासगोचा विद्यार्थी पश्चिम ग्रीनलंडच्या इग्लोर्सुइत गावी गेला असता एमान्वेल कोर्नेलियुसन या शिकाऱ्याने त्याला एक कयाक बांधून दिली. तिच्या मापांवरून पुढे ब्रिटनमध्ये समुद्री कयाका घडवल्या गेल्या आणि काचतंतूच्या साच्यांतून बाहेर पडू लागल्या. एका माणसाच्या मापाची नाव, आता कोणाच्याही मापाची.

सुरक्षिततेची युरोपची परंपरा निराळी होती, तीही कमी लेखू नये. तेथील विचार असा की नाव गेली तरी माणूस तरला पाहिजे. ब्रिटनच्या जीवरक्षक नौकांच्या संस्थेतील कॅप्टन वॉर्ड याने १८५४ साली कॉर्कच्या तुकड्यांचे जाकीट तयार केले. ९ फेब्रुवारी १८६१ रोजी व्हिटबी बंदरावर भयंकर वादळ झाले. तेथील जीवरक्षक नौका त्या एकाच दिवसात अनेक वेळा समुद्रात गेली, आणि अखेरच्या खेपेला उलटली. तेरा जणांपैकी बारा बुडाले. वाचला तो हेन्री फ्रीमन. नवे कॉर्कचे जाकीट त्या दिवशी त्याच्या एकट्याच्या अंगावर होते. बारा कुटुंबे उघडी पडल्यावर जाकिटाची उपयुक्तता सर्वांना पटली.

जाकीट माणसाला तरंगत ठेवते, पण थंडीपासून वाचवत नाही. ग्रीनलंडच्या अंगरख्याने नेमके तेच ओळखले होते, की थंड पाण्यात पडायचेच नाही, नावेत राहायचे. या दोन्ही विद्या हाताशी असताना काय घडू शकते, ते सांगून आम्ही शेवटाकडे येतो.

२२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रेजिस येथून आठ विद्यार्थी, त्यांचे एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक कयाकांतून निघाले. मुले प्लिमथच्या एका शाळेची. जायचे होते जवळच्याच चारमथला, किनाऱ्याकिनाऱ्याने. ज्या केंद्राने ही सहल नेली ते ओएलएल नावाच्या कंपनीचे. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. शिक्षकांची नाव पुन्हा पुन्हा उलटू लागली, एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी अडकला, आणि उरलेली मुले दुसऱ्या प्रशिक्षकासह वाऱ्याने बाहेर वाहत गेली. नावेच्या भोकावर बांधायचा घेर, जो ग्रीनलंडचा शिकारी विसरणे शक्य नव्हते, तो त्यांना दिलेला नव्हता. लाटांनी नावा भरल्या आणि बुडाल्या. खुणेचा जाळ करायची नळकांडी नव्हती. मुले दुपारी परतायला हवी होती. किनाऱ्यावरच्या बचाव खात्याला खबर गेली ती दुपार कलल्यावर. चार मुले गेली.

खटला उभा राहिला तेव्हा एक पत्र पुढे आले. त्या केंद्रातल्या दोन प्रशिक्षकांनी आदल्या वर्षी नोकरी सोडली होती, आणि त्यांपैकी एका बाईने जून १९९२ मध्ये व्यवस्थापनाला लिहिले होते की साधने पुरेशी नाहीत, शिकवणारी माणसे तयार नाहीत, आणि हे सुधारले नाही तर एखादे मूल घरी का आले नाही हे कोणाला तरी सांगण्याची पाळी येईल. पत्र पोचले आणि अपघात झाला, यांत नऊ महिन्यांचे अंतर आहे. अशी पत्रे आम्ही आयुष्यात पुष्कळ पाहिली, काही स्वतः लिहिलीही; ती कोणत्या कपाटात जातात ते आम्हांला ठाऊक आहे. डिसेंबर १९९४ मध्ये कंपनी मनुष्यवधाच्या आरोपावरून दोषी ठरली, आणि तिच्या व्यवस्थापकीय संचालकाला तुरुंगवास झाला. इंग्लंडच्या कायद्यात एखादी कंपनी अशी दोषी ठरण्याची ही पहिली वेळ. त्यापूर्वी १९८७ साली झेब्रुग बंदराबाहेर हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ हे जहाज पुढचे दार उघडे राहून उलटले आणि १९३ माणसे मेली, तरी त्या मोठ्या कंपनीवरचा खटला टिकला नाही. दोष नेमक्या कोणत्या वरिष्ठाच्या डोक्यात होता ते दाखवता आले नाही. लहान कंपनीत वरिष्ठ एकच होता आणि पत्र त्याच्या हातात पडले होते, म्हणून ती सापडली. १९९५ साली मुलांच्या साहस-केंद्रांना परवाना आवश्यक करणारा कायदा झाला, आणि २००७ साली कंपन्यांच्या मनुष्यवधाचा वेगळा कायदा झाला.

ग्रीनलंडमध्ये दरम्यान धंदाच बदलला होता. १९२० नंतर समुद्र थोडा उबदार झाला, सील कमी झाले, कॉड मासा आला, त्यामागे मोटरबोटी आल्या. वसाहतीचा दर्जा १९५३ साली संपला आणि १९७९ साली स्वराज्य मिळाले, तोवर बहुतेक गावांतून कयाक गेली होती. जुन्या चांगल्या नावा परदेशच्या संग्रहालयांत होत्या. १९८५ साली तेथील तरुणांनी कयाक मंडळांचा एक संघ स्थापन केला. ते म्हाताऱ्यांकडे जाऊन मापे विचारू लागले. आता तेथे दरवर्षी स्पर्धा होते, तीत मुले, बायका, आजोबा सगळे उतरतात. अंगरखा आता बहुधा निओप्रीन या रबरी कापडाचा असतो. उलटून वर येण्याचे तीसहून अधिक प्रकार करून दाखवायचे असतात. वल्ह्याने, फळीने, रिकाम्या हाताने, आणि एका प्रकारात तर हातात आठ किलोंचा दगड धरून. परीक्षक दुसऱ्या नावेतून शेजारी असतात. कोणी वर आला नाही तर त्याला ओढून काढतात, आणि तो थोडा दम खाऊन पुन्हा उलटा होतो.